कॉलेजच्या नावाची गरज कुणाला?

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ऑप्शन फॉर्मवरून खल सुरू होतो. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ मोबाइलवर उतरवून घेतलेल्या असतात. नावाजलेल्या कॉलेजात नावडती ब्रँच घ्यायची की साध्या कॉलेजात कॉम्प्युटर? पोरीला पुण्याला पाठवायचे की जिल्ह्याच्याच ठिकाणी ठेवायचे? होस्टेल मिळाले नाही तर काय? अशा वेळी नात्यातला किंवा ओळखीतला कुणी शिकला-सवरलेला माणूस हमखास सांगतो, ‘‘कॉलेजच्या नावाने काही होत नाही हो, पोरगं हुशार असलं की झालं.’’

बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे वाक्य अर्धेच खरे आहे. ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरते, त्यांना या दिलाशाची फारशी गरज नसते. ज्यांना तो दिला जातो, त्यांच्या बाबतीत ते बहुतेकदा खोटे ठरते. कॉलेजच्या नावाचा करिअरवर परिणाम होतो का, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, आणि उत्तरातला हा फरक कुठे पडतो हे ऑप्शन फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नामांकित विद्यापीठांतले पदवीधर जास्त कमावतात हे तर दिसतच होते. पण ते विद्यापीठामुळे कमावतात की मुळातच हुशार आणि धडपडे असल्यामुळे, हे कसे ओळखायचे? दोघांनी नामी युक्ती काढली. ज्या विद्यार्थ्यांनी सारख्याच दर्जाच्या विद्यापीठांकडे अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते, पण ज्यांच्यातले काही नामांकित ठिकाणी गेले आणि काही साध्या ठिकाणी, अशांची त्यांनी तुलना केली. पुढच्या कमाईत जवळपास फरक आढळला नाही. ‘नावाने काही होत नाही’ म्हणणारे आजही याच अभ्यासाचा आधार घेतात.

मात्र त्याच अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थेचा स्पष्ट फायदा झाला होता. याच दोघांनी २०१४ मध्ये अधिक माहिती घेऊन पुन्हा तपासणी केली. तेव्हाही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थी आणि ज्यांचे आईवडील फार शिकलेले नाहीत अशी मुले यांच्या बाबतीत फायदा कायम दिसला. डॉक्टर-वकिलांच्या मुलाला जे ओळखीपाळखीतून, घरच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून मिळते, ते मजुराच्या मुलाला पहिल्यांदा कॉलेजात मिळते. म्हणून कॉलेज कोणते, याने त्याला जास्त फरक पडतो.

पुढे २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा संस्थांची माहिती धुंडाळली. प्रतीक्षा यादीवरून आत घेतलेले आणि त्याच यादीवरून नाकारलेले विद्यार्थी त्यांनी समोरासमोर ठेवले. सरासरी कमाईत फारसा फरक नव्हता. पण सर्वांत जास्त कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली होती, आणि बड्या, प्रतिष्ठित कंपन्यांत नोकरी लागण्याची शक्यता जवळपास तिप्पट. म्हणजे साधारण चांगल्या पगाराची नोकरी इतर चांगल्या विद्यापीठांतूनही मिळते. अगदी वरच्या खुर्च्यांकडे जाणारी वाट मात्र मोजक्याच आवारांतून जाते.

अमेरिकेचे राहू द्या, भारतात काय? शीतल सेखरी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी भारतातल्या सरकारी कॉलेजांच्या कटऑफचा आधार घेऊन हेच तपासले आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेली मुले गुणवत्तेने सारखीच असतात. एक-दोन गुणांनी कुणी आत जातो, कुणी बाहेर राहतो. नामांकित सरकारी कॉलेजात गेलेल्यांना पुढे जास्त पगार मिळाला. शेवटच्या परीक्षेच्या गुणांत मात्र काही फरक नव्हता. जास्त शिकले म्हणून जास्त पगार, असे घडले नव्हते. पगार नावाचा होता.

असे का व्हावे? अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याची मांडणी केली, आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. नोकरी देणाऱ्याला उमेदवार किती कामाचा आहे हे आधी कळत नाही. तपासायला वेळ लागतो, पैसा लागतो. म्हणून तो बाहेरून दिसणारी एखादी खूण धरतो. अवघड प्रवेश परीक्षा पार करून कुणी ठरावीक कॉलेजात शिरला, म्हणजे गाळणी आधीच लागून गेली, असे कंपनी समजते. चार वर्षे त्याला काय शिकवले, हा प्रश्न मागे पडतो.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये बसलेल्या माणसाला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. कंपनीचा मेल येतो: दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के, लाइव्ह बॅकलॉग नको, गॅप असल्यास कारण द्या. या अटी सगळ्यांना सारख्याच. पण हा मेल मुळात कुणाच्या इनबॉक्समध्ये येतो, तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो. पुण्या-मुंबईच्या मोजक्या कॉलेजांत कंपन्यांची रांग असते, ‘डे वन’ला कुणाला बोलवायचे यावर वाटाघाटी होतात. जिल्ह्याच्या कॉलेजातला प्लेसमेंट अधिकारी हा बहुतेकदा मेकॅनिकल किंवा ईएनटीसीचा प्राध्यापक असतो. तास सांभाळून तो एचआरवाल्यांना फोन करत राहतो, आणि तिकडून उत्तर येते, ‘‘तुमची मुलं पूल कॅम्पसला पाठवा.’’

हे पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांच्या मुलांची एकाच ठिकाणी होणारी भरती, एकदा जवळून पाहण्यासारखे असते. लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून रात्रीच्या एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने निघालेली मुले पहाटे पुण्यात उतरतात. कुणाचा मित्र कॉट बेसिसवर राहत असतो, त्याच्या खोलीत पाच-सहा जण पाळीपाळीने अंघोळ उरकतात. पिशवीत घडी करून आणलेला शर्ट अंगावर चढतो. वडापाव खाऊन, दोन बस बदलून, शहराच्या टोकाला असलेल्या यजमान कॉलेजात पोहोचायचे. नोंदणीच्या रांगेत दोन तास. मग ॲप्टीचा पेपर. त्या यजमान कॉलेजातली मुले तोच पेपर आपल्या रोजच्या लॅबमध्ये, मेसचा नाश्ता करून सोडवत असतात. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शॉर्टलिस्ट पडते. नाव नसेल तर रात्रीची गाडी पकडायची. तिकीट, खाणे मिळून हजार-दीड हजार गेलेले असतात, आणि अशा किती फेऱ्या करायच्या हे घरच्यांना विचारावे लागते. दोघांची हुशारी तंतोतंत सारखी असेल. पेपरला बसेपर्यंतच एक जण दमलेला असतो.

‘नावाने काही होत नाही’ हे त्या रात्रीच्या गाडीत बसलेल्या मुलाला सांगून पाहावे.

नाव म्हणजे नुसती पाटी, असेही मानण्याचे कारण नाही. काही नावांच्या मागे खरोखर भरीव काही असते. माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, उदाहरण मराठी माणसाला जवळचे आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञानाचा विभाग म्हणून ही संस्था सुरू झाली आणि २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले, लहानपणीच वडिलांचे छत्र हरपलेले, मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर दरमहा ६० रुपयांच्या टाटा ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर पुढे शिकले. १९६६ मध्ये त्यांनी यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. केंब्रिजहून परतलेले मन मोहन शर्मा १९६४ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले होते. माशेलकरांनी त्यांच्याच हाताखाली १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक झाले. गुरू १९९० मध्ये आणि शिष्य १९९८ मध्ये, दोघेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

याच आवारातून केकी घरडा बाहेर पडले आणि त्यांनी रसायनांचा कारखाना उभा केला. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढणारे अंजी रेड्डी इथलेच. मुकेश अंबानी यांची केमिकल इंजिनीअरिंगची पदवी इथलीच. त्यामुळे औषध, रंग आणि रसायनांच्या कारखान्यांत माटुंग्याच्या पोराचा बायोडेटा टेबलावर आला की पलीकडे बसलेला माणूस अनेकदा त्याच वर्गांतून गेलेला असतो. प्रयोगशाळेत काय करून घेतात, कोणता प्राध्यापक किती कडक आहे, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत असते. असे नाव जाहिरातीने मिळत नाही. ते शिक्षकांनी आणि आधीच्या पंचवीस-तीस तुकड्यांनी कमावलेले असते, आणि पंचविशीतल्या नव्या मुलाला ते आयते मिळते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचेही तसेच. १८५४ पासूनची ही संस्था. तिथूनच १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने त्यांना सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमले. म्हैसूरकडच्या, वडिलांचे छत्र हरपलेल्या, जेमतेम परिस्थितीतल्या मुलाला पुण्यातल्या त्या कॉलेजने सरकारी नोकरीच्या उंबऱ्याशी नेऊन उभे केले होते.

घोळ होतो तो अशा कमावलेल्या नावाची आणि फलकांवरून विकत घेतलेल्या नावाची गल्लत झाल्यावर. पुणे-सोलापूर किंवा मुंबई-नाशिक रस्त्याने जाताना ‘१०० टक्के प्लेसमेंट’चे फलक दिसतात. एखाद्याच विद्यार्थ्याला मिळालेले मोठे पॅकेज फोटोसह छापलेले असते. बाकीच्यांना काय मिळाले, ते कुठेच लिहिलेले नसते. अनेक आयटी कंपन्यांत सुरुवातीचा पगार वर्षानुवर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे, आणि ती नोकरी स्वस्तातल्या कॉलेजातूनही लागते. तिच्यासाठी चार वर्षांत दहा-बारा लाख मोजणे, शेत गहाण टाकणे, ही घरादाराची फसवणूक आहे. नावाला किंमत आहे म्हणून कोणत्याही नावाला वाटेल ती किंमत द्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

खऱ्या नावाचीही हमी नसते, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. आयआयटी मुंबईत २०२३-२४ च्या हंगामात सरासरी पॅकेज साडेतेवीस लाखांचे होते, वीसहून अधिक जणांना कोटीवर पॅकेज मिळाले, आणि तरीही कॅम्पस प्लेसमेंटमध्ये भाग घेतलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला त्या हंगामात तिथून नोकरी लागली नाही. त्या वर्षी जेईई ॲडव्हान्स्डला एक लाख ८० हजार मुले बसली होती आणि सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या साडेसतरा हजारांच्या थोड्या वर. एवढ्या गाळणीतून आत गेलेल्यांनाही बाजाराची मंदी चुकली नाही. शिवाय सरासरी हा आकडाच फसवा आहे. दोन कोट्यधीश शंभरांची सरासरी उचलून धरतात. पगारांच्या उतरत्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार, म्हणजे मध्यक, विचारला पाहिजे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावा लागतो. किती जण उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, किती उच्च शिक्षणाला गेले, हेही द्यावे लागते. आणि ही माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पालकांनी फलक वाचण्याऐवजी ती पीडीएफ उघडावी. सीईटी कक्षानेही कटऑफच्या यादीत हा आकडा शेजारच्या रकान्यात छापावा. माहिती सरकारदरबारी आहेच.

नावाची किंमत आता नोकरीआधीच मोजावी लागते. बँकेत शैक्षणिक कर्जाला गेले की अधिकारी आधी कॉलेजचे नाव विचारतो. नामांकित संस्थांची वेगळी यादी असते, त्यांना व्याज कमी आणि तारणही लागत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जासाठी ८६० संस्था ठरवल्या, त्याही मुख्यतः एनआयआरएफच्या क्रमवारीवरून. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. योजना चांगली आहे. पण जी मुले त्या ८६० च्या बाहेर पडली, त्यांना नावही नाही आणि या योजनेतले कर्जही नाही. त्यांच्या घरी बहुधा तारणही नसते. ब्रिटनने तर २०२२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. जगातल्या निवडक विद्यापीठांच्या अलीकडच्या पदवीधरांना नोकरीची ऑफर हातात नसतानाही व्हिसा देण्याची योजना काढली. तिच्या पहिल्या यादीत भारतातले एकही विद्यापीठ नव्हते.

इथे एक अडचणीचा पुरावाही मांडायला हवा. चिलीमध्ये अर्थशास्त्रज्ञ सेथ झिमरमन यांनी तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित अभ्यासक्रमांत जेमतेम प्रवेश मिळालेल्यांचे पुढे काय झाले ते पाहिले. कंपन्यांतल्या सर्वोच्च पदांवर पोहोचण्याचा फायदा झाला तो महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांना. साध्या शाळांतल्या मुलांना आणि मुलींना तो जवळजवळ मिळालाच नाही. वर्ग एकच, पदवी एकच. पण शिखरावरची खुर्ची देणारी मैत्री शाळेपासूनच जमलेली होती. डेल आणि क्रूगर यांचा गरीब घरांतल्या मुलांबद्दलचा निष्कर्ष आणि हा, दोन्ही एकत्र वाचले तर चित्र असे दिसते: घरात काहीच नसलेल्याला नामांकित कॉलेज चांगली पहिली नोकरी मिळवून देते, पण त्याला अगदी वर नेण्याचे काम ते आपोआप करत नाही. होस्टेलमध्ये कुणासोबत ठेवले, इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्याला कुणी सांभाळून घेतले, इंटर्नशिप कुणाच्या ओळखीने लागली, यावर ते अवलंबून राहते. नावाजलेल्या कॉलेजांनी राखीव जागा भरून, फी माफ करून आपले काम संपले असे समजू नये.

नावाचे वजन काळानुसार कमी होते का? बऱ्याच क्षेत्रांत होते. दुसऱ्या नोकरीला कॉलेजपेक्षा आधीचे काम विचारतात, तिसऱ्याला रेफरल. शिवाय अशाही वाटा आहेत जिथे कॉलेज कुणी विचारतच नाही. एमपीएससी आणि यूपीएससीला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवीही तेवढीच चालते. अनेक सरकारी कंपन्या गेटचा स्कोअर पाहतात. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा इस्रोचे प्रमुख असलेले एस. सोमनाथ कोल्लमच्या टीकेएम कॉलेजचे. मोहिमेचे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल यांची सुरुवात विळुपुरमच्या पॉलिटेक्निकमधून झाली आणि पीएच.डी. आयआयटी मद्रासला. पुण्यात सीडॅकच्या सहा महिन्यांच्या डीएसी कोर्सला दर बॅचला लहान कॉलेजांतली मुले येतात, ती याच कारणाने. कॉलेजने जे नाव दिले नाही, ते सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन, लाखाच्या आसपास फी भरून दुसरीकडून मिळवायचे. पण वाट आहे म्हणून सगळे सुरळीत आहे, असे नाही. तिथे पोहोचेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जातात, आणि घरी लग्नाची बहीण किंवा आजारी वडील असले तर तेवढे थांबणे परवडत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांनी ही तफावत कमी करायला हवी, आणि ते होऊ शकते याचा पुरावा कोलंबियाने दिला आहे. तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा सुरू झाली. विद्यार्थी तिचे गुण बायोडेटात लिहू लागले. बेंटली मॅक्लाऊड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की ज्या विषयांत अशी परीक्षा आली, तिथे पगार ठरवण्यात कॉलेजच्या नावाचे वजन घटले आणि स्वतःच्या कुवतीचे वाढले. परीक्षा नसताना नाव पहिल्या पगारावरच थांबत नव्हते, पुढच्या पगारवाढीतही सोबत राहत होते, हेही त्यांच्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे टीसीएसने २०१८ मध्ये कोणत्याही कॉलेजच्या विद्यार्थ्याला देता येईल अशी एनक्यूटी ही परीक्षा सुरू केली, तिची दिशा हीच आहे. पाटी न पाहता पेपर तपासला की जिल्ह्याच्या कॉलेजातली मुलेही निवडली जातात.

महाराष्ट्रात हे आणखी पुढे नेणे अवघड नाही. कराड, जळगाव, अमरावती, चंद्रपूर, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांत संगणक प्रयोगशाळा आहेत. तंत्रशिक्षण संचालनालयाने कंपन्यांना एकत्र आणून वर्षातून दोनदा एकाच दिवशी या सगळ्या ठिकाणी सामायिक चाचणी घ्यावी आणि परिसरातल्या खासगी कॉलेजांच्या मुलांनाही बसू द्यावे. मुलाखती ऑनलाइन होतातच. निकालात कॉलेजचे नाव झाकून फक्त गुण आणि शाखा कंपनीला दिसेल अशी सोय करावी. ज्यांना शेवटच्या फेरीसाठी पुण्याला किंवा मुंबईला यावे लागेल, त्यांच्या एसटी भाड्याची आणि शासकीय वसतिगृहातल्या एका रात्रीच्या मुक्कामाची जबाबदारी शासनाने घ्यावी. एखाद्या पुलाच्या दुरुस्तीला लागतो त्याहून कमी खर्च यात आहे, आणि पुढच्या प्रवेश फेरीच्या आत हे सुरू करता येईल.